सम्राटांची पाठवणी

२२ एप्रिल २०२४, सोमवार. सकाळी मुंबईच्या विमानतळावरून एअर इंडियाचे एक बोइंग ७४७ उडाले. नाव ‘आग्रा’, नोंदणी व्हीटी-ईव्हीए. चारशेहून अधिक माणसे बसतील एवढे ते विमान, पण आत प्रवासी एकही नव्हता. ते निघाले होते अमेरिकेतल्या प्लेनफिल्डला, तिथे त्याचे सुटे भाग काढले जाणार होते. धावपट्टी सोडून थोडे वर चढल्यावर वैमानिकाने आधी एक पंख झुकवला, मग दुसरा. वैमानिकांच्या रीतीत हा निरोपाचा नमस्कार. कोणीतरी तो मोबाइलवर टिपला आणि दुपारपर्यंत देशभर पोचवला.

मी ते दृश्य पाहिले आणि पुन्हा पुन्हा पाहिले. माझे लहानपण कुर्ल्यात गेले. उतरणारी विमाने आमच्या गच्चीवरून पोटाकडून दिसत. चाके बाहेर काढलेली, पंखांच्या मागच्या पट्ट्या खाली सोडलेल्या. लहान विमाने आम्ही आवाजावरून ओळखायचो. जम्बोला, म्हणजे या ७४७ला, आवाजाचीही गरज नव्हती, आधी सावलीच यायची. पत्र्यांवरून, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवरून ती सरकत जायची आणि मग डोक्यावर चार इंजिने, अठरा चाके आणि पुढच्या भागावरचे ते उंचवटलेले मस्तक. गल्लीतला खेळ तेवढ्यापुरता थांबायचा. रोज दिसत असूनही त्याची सवय कधी झाली नाही.

मुंबईत पहिला जम्बो आला एप्रिल १९७१ मध्ये आणि शेवटच्यांपैकी हा गेला तोही एप्रिलात. मध्ये त्रेपन्न वर्षे. या काळात महाराष्ट्रातली, गोव्यातली, एकूणच देशातली किती घरे या विमानाने जोडली आणि किती दूर नेली, हे आठवायला हवे. ते एक नफातोट्यातले यंत्र म्हणून सोडून देण्यासारखे नाही. म्हणून हा लेख.

जम्बोचा जन्म झाला तो गर्दीच्या चिंतेतून. १९६०च्या दशकात जेट विमाने आली, भाडी उतरू लागली आणि विमानतळ अपुरे पडू लागले. अमेरिकेच्या पॅन ॲम कंपनीचे प्रमुख हुआन ट्रिप यांना तेव्हाच्या बोइंग ७०७च्या दुप्पट-अडीचपट माणसे नेणारे विमान हवे होते. बोइंगचे प्रमुख बिल ॲलन यांनी ते बनवायचे कबूल केले. एप्रिल १९६६ मध्ये पॅन ॲमने २५ विमानांची मागणी नोंदवली, किंमत साडेबावन्न कोटी डॉलर. त्या वेळी विमान कागदावरही धड उतरलेले नव्हते आणि ते जोडायला कारखानाही नव्हता. वॉशिंग्टन राज्यात एव्हरेट गावाजवळ जंगल साफ करून कारखाना उभारायचा आणि त्याच कारखान्यात, छप्पर पुरे होत असतानाच, विमानही उभे करायचे, असा तो उद्योग. कामगार आणि अभियंते मिळून पन्नास हजारांच्या आसपास माणसे त्यात होती.

आराखड्याची जबाबदारी आली जो सटर यांच्याकडे. बोइंगचे नावाजलेले अभियंते त्या काळी ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या विमानाच्या मागे होते. भविष्य त्यातच आहे, अशी सगळ्यांची खात्री होती. सटर यांचे विमान म्हणजे मधल्या काही वर्षांची सोय. वेगवान विमाने आली की प्रवासी तिकडे जातील आणि याला पोती-खोकी वाहायला लावता येईल, असा हिशेब होता. जम्बोचा तो प्रसिद्ध उंचवटा या हिशेबातून आला. माल भरायचा तर नाक उघडता आले पाहिजे, नाक उघडायचे तर वैमानिकांची खोली वाटेतून हलवली पाहिजे, म्हणून ती वर गेली. वर गेलेली खोली वाऱ्याला अडू नये म्हणून तिच्यामागे उतार दिला आणि त्या उताराखाली जी मोकळी जागा उरली तिथे आरामकक्ष झाला. रुंदीचेही तसेच. ट्रिप यांच्या डोक्यात दुमजली बससारखे विमान होते. सटर यांच्या लोकांनी दोन मालपेट्या शेजारी शेजारी मावतील एवढी, म्हणजे सुमारे वीस फूट, रुंदी धरली आणि पॅन ॲमच्या माणसांना ती समजावी म्हणून खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत दोरी ताणून दाखवली. दोरी पाहून माणसे पटली. मला या सगळ्या कथेत ती दोरी सर्वांत आवडते. आपल्याकडे घराचा पाया आखताना गवंडी दोरीच लावतो.

वेगवान विमानाचा बोइंगचा प्रकल्प १९७१ मध्ये गुंडाळला गेला. युरोपचे कॉनकॉर्ड आले, पण २००३ मध्ये थांबले. मधल्या काळाची सोय म्हणून बनवलेला जम्बो दोघांच्याही मागे राहून अर्धे शतक उडाला.

त्याची सुरुवात मात्र सोपी नव्हती. ९ फेब्रुवारी १९६९ रोजी पहिले विमान हवेत गेले खरे, पण इंजिने वेळेवर तयार होईनात. एव्हरेटच्या आवारात विमाने ओळीने उभी राहिली आणि तोल राहावा म्हणून त्यांच्या पंखांना इंजिनांच्या जागी काँक्रीटचे ठोकळे टांगले गेले. २२ जानेवारी १९७० रोजी न्यूयॉर्कहून लंडनला पहिली प्रवासी फेरी निघाली, तीही ठरलेल्या विमानाचे इंजिन तापल्यामुळे कित्येक तास उशिरा आणि बदली विमान आणून. बोइंग कर्जात बुडत चालली होती. एक लाखाची कामगारसंख्या चाळीस हजारांच्या खाली आली. सिएटलच्या विमानतळाजवळ कुणीतरी फलक लावला की, शहर सोडून जाणाऱ्या शेवटच्या माणसाने दिवे मालवून जावे. तो महिना होता एप्रिल १९७१. त्याच महिन्यात, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, सांताक्रूझच्या धावपट्टीवर एअर इंडियाचा पहिला जम्बो ‘सम्राट अशोक’ उतरत होता.

तेव्हा एअर इंडियाचे अध्यक्ष जे. आर. डी. टाटा होते. सरकारीकरण होऊन अठरा वर्षे झाली होती, पण कंपनीवर त्यांचीच नजर होती आणि ती नजर पडद्याच्या रंगापासून चहाच्या कपापर्यंत फिरत असे. जम्बो आले तेव्हा प्रत्येक खिडकीभोवती बाहेरून लाल रंगात झरोक्याची कमान रंगवली गेली. लांबून पाहावे तर राजस्थानातल्या एखाद्या हवेलीची भिंत सरकत आल्यासारखी वाटे. आकाशातला महाल, अशीच त्याची जाहिरात होती. वरच्या मजल्यावर पहिल्या वर्गासाठी महाराजा कक्ष होता आणि तिथे जायला गोल जिना.

नावेही महालाला साजेशी. अशोकामागून शहाजहान आला, राजेंद्र चोल आला, विक्रमादित्य आला. पुढे अकबर, चंद्रगुप्त, कनिष्क, कृष्णदेवराय, समुद्रगुप्त, महेंद्रवर्मन, हर्षवर्धन. १९८८ मध्ये दोन नव्या जातीची जम्बो आली. त्यांचा वरचा मजला लांब होता आणि मागच्या भागात माल भरता येई. त्यांतल्या एकाचे नाव नरसिंहवर्मन आणि दुसऱ्याचे ‘शिवाजी’. व्हीटी-ईपीडब्ल्यू ही त्याची नोंदणी. महाराजांचे नाव विमानतळाला मिळण्याच्या कितीतरी आधी ते या विमानावर लिहिले गेले होते आणि त्या नावाने विमान समुद्रापार ये-जा करत होते. मराठी माणसांपैकी फार थोड्यांना हे आज आठवते. १९९३ पासून ७४७-४०० ही सुधारित विमाने येऊ लागली तेव्हा राजांची जागा स्थळांनी घेतली: कोणार्क, तिरुपती, खजुराहो, अजिंठा, आग्रा आणि वेल्हा गोवा. म्हणजे आमच्या भागातली दोन नावे, औरंगाबादजवळची लेणी आणि मांडवीकाठचे जुने गोवे, अखेरपर्यंत या ताफ्यात होती.

जम्बोमधून कोण गेले? पहिल्या वर्गातल्या जिन्याची वर्णने फार झाली. माझ्या मते जम्बोची खरी गोष्ट मागच्या भागात, दहा-दहा खुर्च्यांच्या रांगांत घडली. एका फेरीत दुप्पट माणसे जाऊ लागल्यावर प्रत्येक खुर्चीमागचा खर्च उतरला आणि ज्यांनी बोटीनेही परदेश पाहिला नसता ती माणसे विमानात चढली. हे घडत होते नेमके त्याच दशकात, जेव्हा आखातात तेलाचा पैसा आला आणि कामाला माणसे हवी झाली. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातले, गोव्यातले सुतार, वेल्डर, चालक, स्वयंपाकी दुबई-कुवेत-मस्कतला निघाले. हजची वाटही बदलली. पूर्वी मुंबई बंदरातून जहाजे जेद्दाहला जात. विमाने वाढत गेली आणि १९९५ मध्ये समुद्रमार्ग बंद झाला. अमेरिकेला शिकायला जाणारा पुण्याचा मुलगा, त्याच्या मागोमाग काही वर्षांनी सुनेच्या बाळंतपणाला जाणारी त्याची आई, हा प्रवासही याच रांगांतला.

आणि ती पाठवणी! एक माणूस जाणार, सोडायला वीस माणसे येणार. रात्रीची विमाने, म्हणून संध्याकाळचे जेवण लवकर उरकून गावाकडून आलेली माणसे टेम्पोत बसून सहारच्या विमानतळावर पोचायची. हार, नारळ, कपाळाला कुंकू, हातावर दही. बॅगेला सुतळी, सुतळीवर नावाची चिठ्ठी. आत चिवडा, लोणचे, मेतकूट, आणि ते फुटू नये म्हणून भोवती गुंडाळलेली जुनी साडी. आत जाणारा वळून पाहायचा आणि काचेबाहेर सगळ्यांचे हात वर. कुणी तरी म्हणायचेच, ‘जम्बो आहे ना? मग काळजी नाही.’ एवढ्या मोठ्या वस्तूला काय होणार, असा त्यामागचा विश्वास.

तो विश्वास फार लवकर तुटला. १ जानेवारी १९७८ची रात्र, नव्या वर्षाचा पहिला दिवस. दुबईला निघालेला ‘सम्राट अशोक’, तोच पहिला जम्बो, सांताक्रूझहून आठ वाजून गेल्यावर उडाला. २१३ माणसे आत होती. किनारा ओलांडून तो समुद्रावर आला आणि उजवीकडे वळला. विमान किती कलले आहे हे दाखवणारे कॅप्टनसमोरचे उपकरण त्या क्षणी बिघडले. विमान सरळ झाले तरी ते उजवीकडेच कललेले दाखवत राहिले. खाली काळा समुद्र, वर काळे आकाश, क्षितिज कुठेच नाही. कॅप्टनने डावीकडे कल दिला, आणखी दिला. त्या उपकरणावर विसंबू नका, असे फ्लाइट इंजिनिअरने बजावल्याचे ध्वनिफितीवर आहे. उड्डाणाला दोन मिनिटेही झाली नव्हती. वांद्र्याच्या किनाऱ्यापासून काही किलोमीटरवर विमान समुद्रात कोसळले. कोणीही वाचले नाही. आखातात कामाला निघालेल्या माणसांचे ते विमान होते. बॅण्डस्टॅण्डवर आज संध्याकाळी गर्दी असते, त्या पाण्याकडे पाहताना हे ठाऊक असणारे थोडे. महिनाभराने, फेब्रुवारीत, जे. आर. डीं.ना अध्यक्षपदावरून दूर करण्यात आले.

दुसरा घाव माणसांनी केलेला. २३ जून १९८५. मॉन्ट्रियलहून लंडनमार्गे दिल्ली-मुंबईला येणारा ‘कनिष्क’ आयर्लंडच्या किनाऱ्यापलीकडे, ३१ हजार फुटांवर असताना सामानातला बॉम्ब फुटला. ३२९ माणसे गेली. त्यांतली २६८ कॅनडाची नागरिक होती, बहुतेक भारतीय वंशाची. उन्हाळी सुट्टीत आजी-आजोबांकडे निघालेली कितीतरी मुले त्यात होती. प्रवासी विमानावरच्या हल्ल्यात एवढी माणसे मरण्याची ही तोवरची जगातली सर्वांत मोठी घटना. आयर्लंडमधल्या अहाकिस्टा नावाच्या लहानशा गावी समुद्राकडे तोंड करून त्यांचे स्मारक आहे आणि दर जूनमध्ये तिथली माणसे तिथे जमतात. अनोळखी माणसांसाठी त्या गावाने चार दशके हे जपले, याची जाणीव आपल्याला असायला हवी. या दोन्ही दुर्घटनांनी जम्बोशी आपले जे नाते झाले, ते जाहिरातीतल्या झरोक्यांपेक्षा खोल आहे.

इथे एक शब्द सांगायचा राहिला. जम्बो हे मुळात हत्तीचे नाव. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला हा आफ्रिकन हत्ती १८८२ मध्ये अमेरिकेच्या बार्नम सर्कसने विकत घेतला आणि तीन वर्षांनी कॅनडात रेल्वेखाली सापडून तो मेला. त्याचे नाव आधी मोठ्या वस्तूंना, मग या विमानाला आणि विमानामागून मराठीला मिळाले. पश्चिम रेल्वेवर रविवारी जम्बो ब्लॉक असतो. मंत्रिमंडळ जम्बो असते, वडापाव जम्बो असतो, कोविडमध्ये मुंबईने जम्बो रुग्णालये पाहिली. हत्तीचा सांगाडा न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाने आजही जपून ठेवला आहे.

जम्बो का गेले? उत्तर पंखाखाली आहे. चार इंजिने म्हणजे चार इंजिनांची देखभाल आणि तासाला दहा-अकरा टन इंधन. ७४७-४००च्या टाक्यांत दोन लाख लिटरहून जास्त इंधन मावते. जम्बो जन्मला तेव्हा चार इंजिनांना पर्याय नव्हता. दोन इंजिनांचे विमान जवळच्या विमानतळापासून साठ मिनिटांपेक्षा लांब जाऊ शकत नसे, असा अमेरिकेचा नियम होता. एक इंजिन बंद पडले तर दुसऱ्यावर किनारा गाठता यावा म्हणून. महासागर ओलांडायचे तर तीन किंवा चार इंजिने हवीत. पण इंजिने भरवशाची होत गेली तशी मुदत वाढली. १९८५ मध्ये १२० मिनिटे झाली, मग १८०. १९९५ मध्ये बोइंगनेच आणलेले ७७७ दोन इंजिनांवर जम्बोच्या जवळपास माणसे घेऊन जाऊ लागले आणि इंधन कितीतरी कमी जाळू लागले. म्हणजे जम्बोला त्याच्याच घरातल्या धाकट्याने मागे टाकले. एअर इंडियाने २००७ मध्ये ७७७ घेतले आणि मुंबई ते न्यूयॉर्क विनाथांबा जाऊ लागली. जम्बोला मध्ये लंडन लागायचे. प्रवाशाला थांबा नको होता, हिशेबनिसाला चार इंजिने नको होती. दोघांचेही बरोबर होते, हे मान्य करावे लागते. हवेत जाणाऱ्या धुराचा विचार केला तर आणखीच बरोबर.

आत बसणारी माणसेही या काळात बदलली. पहिल्या जम्बोमध्ये दोन वैमानिकांच्या मागे, आडव्या फलकासमोर फ्लाइट इंजिनिअर बसत असे. इंधन, दाब, तापमान, सगळी त्याच्या बोटांवर. ७४७-४०० मध्ये त्याचे काम संगणकाने घेतले आणि ती खुर्चीच गेली. खाली कलिनाच्या जुन्या हँगरमध्ये मात्र माणसांचे काम राहिले. ए चेक, सी चेक, आणि मग विमान हाडापर्यंत उघडे करणारा डी चेक. गालिचे, खुर्च्या, भिंतींचे पत्रे सगळे बाहेर काढायचे आणि सांगाड्याचा इंच न् इंच तपासायचा. शेपटाचे टोक सहा मजली इमारतीएवढे उंच, म्हणून शिड्यांचे मजलेच बांधावे लागत. वाकोला, कलिना, कुर्ला, विलेपार्ले इथल्या कितीतरी घरांत अशी बोटे वाढली जी जम्बोचा बोल्ट हाताला लागला तर अंधारातही ओळखतील. त्या माणसांचे काम कोणत्याही जाहिरातीत आले नाही.

जगभर निवृत्ती सुरू झाली ती आधी सावकाश. अमेरिकेत युनायटेडने ७ नोव्हेंबर २०१७ रोजी सॅन फ्रान्सिस्को ते होनोलुलू अशी निरोपाची फेरी काढली आणि डेल्टानेही त्याच वर्षअखेर जम्बो थांबवले. मग २०२०ची साथ आली आणि जे पाच-सात वर्षांत व्हायचे ते पाच-सात महिन्यांत झाले. ब्रिटिश एअरवेजने जुलैमध्ये आपली सगळी ३१ विमाने एकदम काढून टाकल्याचे जाहीर केले. कांटासचे शेवटचे विमान २२ जुलैला सिडनीहून निघाले आणि वाळवंटाकडे जाण्याआधी समुद्रावर फिरून त्याने आपल्या वाटेने कांगारूचे चित्र काढले. ६ डिसेंबर २०२२ रोजी एव्हरेटच्या कारखान्यातून १५७४वे आणि अखेरचे ७४७ बाहेर आले. ते मालवाहू होते. नाक उघडणारे विमान करताना सटर यांच्या लोकांनी धरलेला हिशेब शेवटी असा खरा ठरला: प्रवासी गेले, माल राहिला. प्रवाशांसाठी ते चालवणाऱ्या कंपन्या आता बोटांवर मोजता येतील. जर्मनीची लुफ्तान्सा त्यांतली मोठी.

एअर इंडियाच्या जम्बोंनी शेवटची वर्षे कठीण कामांत घालवली. राष्ट्रपती-पंतप्रधानांचे परदेश दौरे २०२० पर्यंत याच विमानांनी होत. त्याच वर्षी साथ नुकती सुरू झालेली असताना चीनच्या वुहान शहरात अडकलेल्या भारतीय विद्यार्थ्यांना आणायला कोणते विमान पाठवायचे, हा प्रश्न आला तेव्हा जम्बोच गेले. १ फेब्रुवारीला ३२४ आणि दुसऱ्या दिवशी ३२३ भारतीय परतले. दुसऱ्या फेरीत मालदीवचे सात नागरिकही होते. ज्या शहरातून जग पळत होते तिथे वैमानिक, परिचारिका, डॉक्टर आणि विमानातले कर्मचारी दोनदा गेले. मार्च २०२१ मध्ये दिल्ली-मुंबई मार्गावर शेवटची प्रवासी फेरी झाली. जानेवारी २०२२ मध्ये कंपनी पुन्हा टाटांकडे आली, त्याच वर्षी उरलेल्या चार विमानांची नोंदणी रद्द झाली आणि पुढे ती एका अमेरिकी कंपनीला विकली गेली. काही मालवाहू व्हायची, काही सुट्या भागांसाठी मोडायची.

विकण्याला माझा विरोध नाही. उभे विमान रोज खर्च मागते, पावसाळ्यात गंजते, जागा अडवते. मला खटकते ते एवढेच, की एकही ठेवले गेले नाही. मुंबईत आज असा एकही जम्बो नाही, जो आपण तिकीट काढून मुलांना दाखवू शकू.

इतरांनी काय केले ते पाहा. पहिले ७४७ सिएटलच्या संग्रहालयात आहे. पहिले ७४७-४०० अटलांटाला डेल्टाच्या संग्रहालयात असून माणसांना त्याच्या पंखावरून चालत जाता येते. कांटासने एक विमान सिडनीजवळच्या छोट्या धावपट्टीवर उतरवून स्वयंसेवकांच्या संग्रहालयाला दिले, तर दुसरे क्वीन्सलंडमधल्या लाँगरीच गावी उभे आहे, जिथे त्या कंपनीची सुरुवातीची वर्षे गेली. जर्मनीत श्पायर इथे लुफ्तान्साचे जम्बो खांबांवर उचलून ठेवले आहे, वर चढून आत जाता येते. दक्षिण आफ्रिकेने जोहान्सबर्गजवळ एक जपले. हॉलंडमध्ये तर केएलएमचे एक जम्बो साडेबारा किलोमीटर शेतांतून, ओढ्यांवर लोखंडी पट्ट्या टाकून, महामार्ग बंद करून एका हॉटेलच्या बागेत नेले. ही सगळी आपल्यापेक्षा श्रीमंत माणसे आहेत असे कुणी म्हणेल. पण त्यांतली काही कामे निवृत्त कामगारांनी, वर्गणी काढून, शनिवार-रविवारी केली आहेत.

आणि हे आपल्यालाही जमते, याचा पुरावा गोव्यात आहे. दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचे हवाई संग्रहालय आहे. तिथे उघड्यावर एक जुने लॉकहीड सुपर कॉन्स्टेलेशन उभे आहे, पंख्यांची चार इंजिने आणि शेपटाला तीन सुकाणू. हे मूळचे एअर इंडियाचे विमान. नाव होते ‘रानी ऑफ एलोरा’, म्हणजे वेरूळची राणी. जम्बोच्या आधीच्या पिढीतली ही राणी प्रवासी नेऊन झाल्यावर हवाई दलाकडे आणि मग नौदलाकडे गेली, समुद्रावर पाळत ठेवत राहिली आणि निवृत्त झाल्यावर नौदलाने तिला ठेवून घेतले. वेरूळ राहिली, अजिंठा गेला.

चित्रांच्या बाबतीत आपण शहाणपणा दाखवला. एअर इंडियाने अनेक दशकांत जमवलेला हजारो चित्रे-शिल्पांचा संग्रह कंपनी विकताना बाजूला काढला गेला आणि राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे सोपवला गेला. तो बरोबरच निर्णय होता. पण ज्या कंपनीने ती चित्रे घेतली तिच्या जम्बोंपैकी एकही ठेवावेसे वाटले नाही, कारण यंत्र ही आपल्याला संस्कृती वाटत नाही. पानसुपारीचा डबा संग्रहालयात जातो, लेथ मशीन भंगारात जाते. कामगाराच्या हातातली वस्तू जपण्याची आपली सवयच नाही आणि मला वाटते, दोष पैशाच्या टंचाईपेक्षा इथे अधिक आहे.

अजून थोडे करता येईल. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टपालाची थैली घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, त्या जुहूच्या धावपट्टीवर नागरी विमानसेवेचे संग्रहालय असायला हवे. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. तिथे जागा आहे, नव्या इमारती उठायच्या आहेत. एअर इंडियाची ७७७ आता जुनी झाली आहेत आणि पुढच्या काही वर्षांत तीही निघतील. त्यांतले एक आतापासूनच बाजूला ठेवा, असे राज्य सरकारला, टाटांना आणि विमानतळ चालवणाऱ्यांना मी कळकळीने सांगतो. जम्बोचे पूर्ण विमान आता मिळणार नाही, पण एखाद्या जम्बोचे नाक, वैमानिकांची खोली, एक झरोका असलेला पत्रा शोधून विकत आणता येईल. मोडलेल्या विमानांचे असे भाग बाजारात येत असतात.

आणि एक विनंती वाचकांना. दिवाळीच्या साफसफाईत तुमच्या माळ्यावर जुनी बॅग सापडेल. तिच्या कप्प्यात लाल कार्बनचे तिकीट असेल, महाराजाचे चित्र असलेले कार्ड असेल, सांताक्रूझ किंवा सहारला हार घालून काढलेला फोटो असेल. वडील हँगरमध्ये असतील तर त्यांची वही असेल, त्यात त्यांच्या अक्षरात दुरुस्त्यांची टिपणे असतील. ते रद्दीत देऊ नका. फोटोच्या मागे तारीख लिहा, कोण गेले, कुठे गेले आणि कोण सोडायला आले होते ते लिहा. ज्यांना ते आठवते आहे त्यांना या दिवाळीतच विचारून घ्या.